सूर्य कूस बदलतो

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

२०२४ च्या उन्हाळी सुट्टीत मी आटपाडी तालुक्यात मामांच्या गावी गेले होते. पिशवीत ग्रहणाचा काळा चष्मा होता. मे महिन्याच्या नऊ-दहा तारखेला सूर्यावर डागांचा असा काही पुंजका आला होता की तो दुर्बिणीवाचूनही, नुसत्या चष्म्यातून दिसत होता. मी सकाळी अंगणात उभी राहून तो पाहत होते. मामांनी चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर धरला आणि म्हणाले, "व्हय गं, डाग हाय की! कपाळावरल्या तिळागत दिसतोय."

मग चष्मा परत देत त्यांनी विचारले, "बाजारात एक जण सांगत हुता, हे डाग वाढलं की पाऊस पळतो. अकरा वर्साचा फेरा असतोय म्हनं. खरं हाय का गं? तुमच्या कॉलेजात काय सांगत्यात?"

हा प्रश्न सहज केलेला नव्हता. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता. दोन एकरांत डाळिंब लावायचे मामांच्या मनात होते आणि त्यासाठी आणलेला कर्जाचा कोरा फॉर्म फळीवर पडून होता. मी भूगोलाची विद्यार्थिनी. पण मला उत्तर देता आले नाही. "पाहून सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. साताऱ्याला परत आल्यावर आमच्या सरांना विचारले, तर ते म्हणाले, "डागांपासून सुरुवात करू नकोस. सूर्याच्या चुंबकापासून कर. डाग ही नुसती खूण आहे." त्यानंतर जे काही वाचले, समजून घेतले, ते येथे मांडत आहे. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी चुका दाखवाव्यात. हसू मात्र नये.

डाग म्हणजे काय? सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापलेला असतो. डागाचा काळा गाभा चार हजारांच्या आतबाहेर. म्हणजे तोही चांगला धगधगीत. केवळ भोवतालच्या लखलखाटापुढे काळा दिसतो. आता तेवढीच जागा निवते का? कऱ्हाड-सांगलीकडे ज्याने गुऱ्हाळ पाहिले आहे त्याला हे लवकर समजेल. काहिलीत रस उकळू लागला की तळचा तापलेला रस उसळून वर येतो, पसरतो, जरा निवतो आणि पुन्हा खाली जातो. सूर्याच्या वरच्या थरांत अशीच उकळी अखंड चाललेली असते आणि तिच्याबरोबर आतली उष्णता वर येते. एखाद्या ठिकाणी ही उसळी कोणी दाबून धरली तर उष्णता वर पोहोचणार नाही व ती जागा काळवंडेल. डागाच्या ठिकाणी नेमके हेच होते, आणि दाबून धरणारी शक्ती चुंबकाची असते.

वायूला चुंबक कसा धरून ठेवील, अशी शंका मलाही आली. परंतु सूर्यावरील वायू इतका तापलेला असतो की त्याच्या अणूंचे तुकडे झालेले असतात. तो सगळा विद्युतभारित असतो. असा वायू आणि चुंबकीय रेषा एकमेकांना सोडून जाऊ शकत नाहीत. रेषा जोरकस असतील तर वायूला जखडतात. वायूचा जोर अधिक असेल तर तो रेषांना फरफटत नेतो. या एका गोष्टीत पुढचे सगळे नाटक सामावले आहे, म्हणून ती वाचकांनी ध्यानात ठेवावी.

डागांत चुंबकत्व आहे हे १९०८ साली कळले. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी डागाच्या प्रकाशाचा वर्णपट काढला. सूर्याच्या वर्णपटात असंख्य बारीक काळ्या रेघा असतात. जोरदार चुंबकाच्या सान्निध्यात अशी रेघ दुभंगते, हे पीटर झीमान या डच शास्त्रज्ञाने १८९६ साली प्रयोगशाळेत दाखविले होते. हेल यांना डागाच्या प्रकाशातही रेघा तशाच दुभंगलेल्या आढळल्या. रेघ जितकी फाकलेली, तितका चुंबक जोरदार. हिशेब केला तेव्हा डागातील चुंबकीय क्षेत्र दोन-तीन हजार गॉस निघाले. आपल्या साताऱ्याला होकायंत्राची सुई ज्या क्षेत्राने वळते ते अर्ध्या गॉसहूनही कमी आहे! आणि डाग तर पृथ्वीहून मोठे असू शकतात. मामांनी पाहिलेला पुंजका पृथ्वीसारखे पंधरा गोळे ओळीने मांडावेत एवढा लांब होता.

हेल एवढ्यावर थांबले नाहीत. डाग बहुधा जोडीने येतात: सूर्य फिरतो त्या दिशेला एक पुढे, एक मागे. या जोडीतला एक उत्तर ध्रुव, दुसरा दक्षिण. एका वेळी सूर्याच्या उत्तर गोलार्धात सगळ्या जोड्यांचा पुढारी एकाच जातीचा असतो, आणि दक्षिण गोलार्धात बरोबर त्याच्या उलट. हे नवल कमी वाटले म्हणून की काय, १९१३ च्या सुमारास जुने डागचक्र संपून नवे सुरू झाले तेव्हा दोन्हीकडचे पुढारी बदललेले दिसले! उत्तरेकडे जो दक्षिण होता तो उत्तर झाला. म्हणजे डागांची संख्या अकरा वर्षांनी पूर्वपदावर येते हे खरे, परंतु चुंबकाच्या हिशेबाने अकरा वर्षांत निम्मीच फेरी होते. पूर्ण फेरीला बावीस वर्षे लागतात.

अकरा वर्षांचे हे चक्र प्रथम ओळखले ते एका औषधविक्रेत्याने. जर्मनीतील डेसाऊ गावचे हाइनरिश श्वाबे हे बुधाच्याही आत एखादा ग्रह सापडतो काय म्हणून १८२६ पासून रोज सूर्य पाहत होते. ग्रह काही मिळाला नाही. पण सतरा वर्षांच्या नोंदींवरून डाग ठराविक काळाने वाढतात व ओसरतात हे त्यांना दिसले, आणि १८४३ साली त्यांनी ते जाहीर केले. पुढे जुन्या नोंदी धुंडाळून चक्रांना क्रमांक दिले गेले. पहिले चक्र १७५५ साली, म्हणजे पानिपताच्या आधी सहा वर्षे सुरू झालेले. २०१९ च्या डिसेंबरात जे सुरू झाले ते पंचविसावे. अकरा ही सरासरी आहे. एखादे चक्र नऊ वर्षांत आटोपते, एखादे तेरा-चौदा वर्षे रेंगाळते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. डागांची कहाणी सूर्याच्या मध्यपट्ट्यातली. मग त्याच्या ध्रुवांचे काय? तेथले क्षेत्र फार क्षीण, पाच-दहा गॉसचे. ते मोजण्याचे यंत्र होरेस बॅबकॉक यांनी १९५० च्या सुमारास वडील हॅरल्ड यांच्यासह बनविले आणि पितापुत्र रोज सूर्याचा चुंबकीय नकाशा काढू लागले. १९५७ च्या मध्यास त्यांच्या डोळ्यांदेखत सूर्याचा दक्षिण ध्रुव उलटला. उत्तर ध्रुव मात्र ढिम्म! तो १९५८ च्या नोव्हेंबरात उलटला. मधल्या वर्ष-सव्वा वर्षात सूर्याची दोन्ही टोके एकाच जातीची होती. शाळेत आपण शिकलो की चुंबकाचे कितीही तुकडे करा, प्रत्येकाला उत्तर-दक्षिण असतेच. सूर्याने हा नियम मोडला असे नव्हे. त्या काळात दुसरे टोक मधल्या पट्ट्यांत विखुरलेले होते, इतकेच. पण मला स्वतःला हे वाचताना गंमत वाटली. ज्या चुंबकाची दोन्ही टोके काही महिने उत्तरच, त्याला होकायंत्र दाखविले तर बिचाऱ्या सुईने वळावे कोठे?

हे का घडते? सूर्य घन गोळा नाही, हे याचे मूळ. पृथ्वीवर सातारा आणि लंडन दोन्ही चोवीस तासांतच एक फेरी करतात. सूर्याचा मध्यपट्टा सुमारे पंचवीस दिवसांत फिरतो, ध्रुवांकडचा भाग पस्तीस दिवसांच्या आसपास. सांगलीला कृष्णेत होड्यांच्या शर्यती ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ठाऊक आहे की प्रवाह मधोमध जोरात असतो व काठाशी रेंगाळतो. समजा, या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावर एक सैल दोर टाकला. मधला भाग पुढे वाहत जाईल, टोके मागे राहतील आणि आडवा दोर ताणला जाऊन प्रवाहाच्या दिशेला लांब होत जाईल. सूर्याचे असेच आहे. डाग नसतात त्या काळात त्याच्या चुंबकीय रेषा उत्तर ध्रुवाकडून दक्षिणेकडे साध्या, उभ्या गेलेल्या असतात. पण वायू रेषांना फरफटत नेतो, हे आपण वर पाहिलेच. मध्यपट्टा पुढे पळतो आणि उभी रेषा महिन्यामागून महिने सूर्याभोवती आडवी गुंडाळली जाते. अशा वेढ्यांवर वेढे पडून तिचा जोर वाढतो.

चऱ्हाट वळणाऱ्याला विचारा, पीळ अति झाला की काय होते? दोर मध्येच वेटोळे घालून वर उठतो. सूर्याच्या पोटात गुंडाळलेले चुंबकीय दोरही फार ताणले गेले की त्यांचे फास वर उचलले जातात आणि पृष्ठभाग फोडून बाहेर येतात. फास जेथून बाहेर पडतो तेथे एक डाग, जेथे पुन्हा आत शिरतो तेथे दुसरा. जोडी का, आणि जोडीत एक उत्तर व एक दक्षिण का, याचा उलगडा असा होतो. दोन्ही गोलार्धांत वेढे उलट दिशेने पडलेले, म्हणून पुढारीही उलट.

चक्राच्या आरंभी डाग विषुववृत्तापासून दूर, तीस-पस्तीस अंशांवर उमटतात व वर्षे जातील तसे मध्याकडे सरकतात. हा आलेख १९०४ साली वॉल्टर आणि ॲनी माउंडर या इंग्रज दांपत्याने काढला. पंख पसरलेल्या फुलपाखरांची रांग असावी तसा तो दिसतो.

उलटापालट होते ती यानंतर. डागांच्या जोड्या विषुववृत्ताला अगदी समांतर नसतात. पुढचा डाग मध्याकडे किंचित झुकलेला, मागचा ध्रुवाच्या बाजूला राहिलेला. डाग विरला तरी त्याचे चुंबकत्व लगेच नाहीसे होत नाही. चुरा होऊन पसरते. उत्तरेकडच्या पुढाऱ्यांचा चुरा आणि दक्षिणेकडच्या पुढाऱ्यांचा चुरा विषुववृत्तावर भेटतात आणि परस्परविरुद्ध असल्याने एकमेकांना खाऊन टाकतात. उरतो तो मागच्यांचा चुरा. सूर्याच्या पृष्ठावर मध्याकडून ध्रुवांकडे एक संथ वारा सतत वाहत असतो, वेग साधारण आपल्या एस. टी. बसएवढा, ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास. या वाऱ्यावर स्वार होऊन मागच्यांचा चुरा दीड-दोन वर्षांत ध्रुवाला पोहोचतो. आणि हा चुरा नेहमी ध्रुवावर आधीपासून बसलेल्या चुंबकत्वाच्या विरुद्ध जातीचा असतो! प्रथम तो जुन्याची वजाबाकी करतो. डाग ऐन भरात असतात त्याच सुमारास ध्रुवाचे क्षेत्र शून्यावर येते. त्यानंतर येणारा माल नवा ध्रुव बांधू लागतो, आणि डाग ओसरेपर्यंत तो चांगला बळकट होतो. पुन्हा उभ्या, सरळ रेषा. पण आता उलट्या दिशेच्या. पुन्हा गुंडाळणे सुरू. ही उपपत्ती होरेस बॅबकॉक यांनी १९६१ साली मांडली व रॉबर्ट लेटन यांनी पुढे नेली. आतल्या थरांत नेमके काय चालते यावर अद्याप वाद आहेत. पृष्ठभागावरचा हा चुऱ्याचा प्रवास मात्र दर चक्रात मोजला जातो.

२०१९ साली सूर्याच्या उत्तर टोकाशी चुंबकीय रेषा बाहेर पडत होत्या. २०२३-२४ च्या सुमारास टोके उलटली. मामांनी चष्मा डोळ्यांवर धरला तेव्हा सूर्य नुकता कूस बदलत होता म्हणा ना.

येथे थोडे विषयांतर होईल, पण सातारकरांना ते राहवत नाही. पृथ्वीचेही ध्रुव उलटतात, मात्र लाखो वर्षांतून एकदा. शेवटची खेप सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वीची. आणि त्याहून फार जुन्या एका उलटीचा पुरावा आपल्या सह्याद्रीत आहे. लाव्हा थिजून आपला काळा पाषाण झाला तेव्हा त्या वेळच्या उत्तर-दक्षिणेची खूण त्यात गोठून राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील सहस्रबुद्धे व राधाकृष्णमूर्ती यांनी डॉइच यांच्यासह १९५० च्या दशकात या खडकांचे नमुने तपासले. खालच्या थरांतील खूण आजच्या उलट, वरच्या थरांतील आजच्यासारखी निघाली. पृथ्वी जे काम लाखो वर्षांतून एकदा करते, ते सूर्य माणसाच्या एका आयुष्यात सहा-सात वेळा करतो.

सूर्याच्या या घडामोडी आपल्या मुलखात कोणी पाहिल्या-टिपल्या की नाही? आहेत, आणि उत्तम आहेत. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी मुंबईला कोलाबा वेधशाळेत १८४१ पासून सुरू झाल्या. श्वाबे यांच्या डागांचा आणि पृथ्वीवरच्या होकायंत्रांच्या अस्वस्थतेचा मेळ बसतो, हे एडवर्ड सॅबाइन यांनी १८५२ साली दाखविले होते. १८५९ च्या १ सप्टेंबरला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन डागांचे चित्र काढीत असता त्यांना एका पुंजक्यावर लख्ख उजेड झळकलेला दिसला. पिळलेले चुंबकीय फास तुटून पुन्हा जुळताना असा स्फोट होतो व कधी कधी विद्युतभारित वायूचा लोट अवकाशात फेकला जातो. तो लोट सतरा-अठरा तासांत पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. मुंबईत २ सप्टेंबर उजाडला होता. कोलाब्याच्या निरीक्षकांनी नेहमीच्या तासातासाच्या नोंदी सोडून काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. आडव्या चुंबकीय जोरात सोळाशे नॅनोटेस्लांची, म्हणजे मूळच्या सुमारे चार टक्के घसरण त्यांनी वहीत उतरवून ठेवली. त्या वादळाची विषुववृत्ताजवळच्या प्रदेशातील इतकी बोलकी नोंद दुसरी नाही. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर त्या जुन्या आकड्यांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा जगाचे लक्ष त्यांकडे गेले. मामांनी डाग पाहिला त्याच दिवसांत, १० व ११ मे २०२४ ला, गेल्या वीस वर्षांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ झाले आणि लडाखात हानले येथे आकाश लाल झाले. त्याचा जगाचा सरासरी आकडा चारशेच्या घरात होता. दोन्ही मापे एक नव्हेत, तरी १८५९ च्या जोराची कल्पना यावी.

मुंबईच्या ट्राम विजेवर चालणार असे ठरले तेव्हा कोलाब्याच्या नाजूक सुयांची धडगत नव्हती. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय यंत्रे समुद्रापलीकडे अलिबागला नेली. तेथली इमारत लोखंडाचा स्पर्श टाळून बांधली आहे. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत. त्यांत डागांच्या चक्राची भरती-ओहोटी उमटते.

दुसरा पुरावा ग्रहणांचा. खग्रास ग्रहणात काळ्या बिंबाभोवती प्रभामंडल दिसते. तेथील वायू चुंबकीय रेषांना धरून राहतो, म्हणून प्रभामंडलाचा आकार म्हणजे सूर्याच्या चुंबकाचे चित्रच. डाग नसतील तेव्हा रेषा सरळ, म्हणून प्रभामंडल दोन बाजूंना लांब पंखांसारखे पसरते व ध्रुवांवर बारीक तुरे दिसतात. डाग भरात असतील तेव्हा सगळीकडे फासच फास. प्रभामंडल झेंडूच्या फुलासारखे वाटोळे. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण कारवार, हुबळी, रायचूर या पट्ट्यात खग्रास होते. डागांचा जोर होता आणि प्रभामंडल वाटोळे दिसले. २४ ऑक्टोबर १९९५ चे राजस्थानपासून बंगालपर्यंत दिसले ते डाग ओसरल्यावरचे, आणि त्यात पंख होते. मामा १९८० साली शाळकरी होते. त्यांना आठवते ती घराची बंद दारे आणि भरदुपारी माजघरात लावलेला दिवा.

त्याआधी १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला सांगलीच्या पटवर्धनांच्याच भाऊबंदांचे संस्थान असलेल्या जमखंडीत लेफ्टनंट जॉन हर्शेल तळ देऊन बसले होते. ढगांच्या फटीतून त्यांना बिंबाच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट क्षणभर मिळाला. त्यात ठळक चमकत्या रेघा होत्या. ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्यावरून ठरले. इतका जड वायू अधांतरी राहतो तो चुंबकीय फासांच्या आधाराने, हे नंतरचे ज्ञान. १८९८ च्या २२ जानेवारीला तर खग्रास पट्टा आपल्या जिल्ह्यावरूनच गेला. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर आले होते. करमाळ्याकडील जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला व अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडी होती. नकाशावर विजयदुर्ग ते जेऊर रेघ ओढून पाहा, ती कऱ्हाडच्या अंगावरून जाते. फुलपाखराचा आलेख काढणारे माउंडर दांपत्यही त्याच ग्रहणासाठी भारतात आले होते.

याच वॉल्टर माउंडर यांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ नव्हतेच. आपल्या हिशेबाने सांगायचे तर प्रतापगडची लढाई, राज्याभिषेक, महाराजांचे निर्वाण, राजारामांचे जिंजीला जाणे आणि शाहू महाराजांची साताऱ्याची पहिली काही वर्षे, हे सगळे निष्कलंक सूर्याखाली घडले. चक्र एवढे मंद का पडले याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

मात्र लगतच्या चक्राचा अंदाज आता बांधता येतो. डाग ओसरलेल्या काळात ध्रुवांवर जे क्षेत्र साठते तेच पुढे गुंडाळले जाऊन नवे डाग बनवते. म्हणजे ध्रुव दुबळे तर पुढचे चक्र दुबळे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अर्णब राय चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच आधारावर चोविसावे चक्र क्षीण असेल असे २००७ साली म्हटले होते. काही अमेरिकन तज्ज्ञ नेमके उलट सांगत होते. २०१४ साली चक्र शिखरावर आले ते गेल्या शंभर वर्षांतले सर्वांत खुजे ठरले.

आता मामांचा पाऊस. ही शंका बाजारातल्या माणसाची एकट्याची नाही. जमखंडीला आलेल्या हर्शेल यांचे आजोबा विल्यम हर्शेल यांनी १८०१ साली डाग आणि इंग्लंडातला गव्हाचा भाव यांची सांगड घातली होती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. त्या वेळी डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी पुस्तिका लिहून प्रतिपादन केले की डाग कमी होतात तेव्हा दक्षिण भारतात अवर्षण पडते. गंमत पाहा, आटपाडीचा माणूस म्हणतो डाग वाढले की पाऊस पळतो, हंटरसाहेब म्हणतात कमी झाले की! लॉकियर हंटरांच्या बाजूचे होते. पुढे भारताच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी वर्षानुवर्षांचे आकडे मांडून हिशेब केला, तेव्हा डाग व पाऊस यांचा संबंध भरवसा ठेवण्याजोगा निघाला नाही.

मी आमच्याच भागाची ठळक वर्षे घेतली. १८७६-७७ चा दुष्काळ डाग ओसरण्याच्या काळातला, आणि १८९९-१९०० चाही. १९७२ चा मधल्या उतारावरचा. २००३ चा शिखर नुकते ओलांडल्यावरचा. २०१२-१३ चा चढावर, शिखराच्या तोंडाशी. २०१८ चा पुन्हा तळाजवळ. दुष्काळ चक्राच्या हरेक पायरीवर बसलेला आहे. कारणही सांगता येते. अकरा वर्षांच्या फेऱ्यात सूर्याकडून येणारी एकूण उष्णता हजारात एका भागाने बदलते, एवढेच. तीही डाग असताना किंचित वाढते, कारण डागांच्या अवतीभवतीचे उजळ ठिपके काळ्याची भरपाई करून वर उरतात. तेवढ्याने मोसमी वारे वळत नाहीत. त्यांना वळविणारे पॅसिफिक समुद्राचे पाणी अधिक बलवान. २०२३ च्या पावसामागे एल निनो होता. त्या दूरच्या समुद्राचा आणि आपल्या पावसाचा धागा पकडण्याचे कामही बरेचसे याच वॉकर यांचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे मामांना सांगितले. सूर्य चक्राच्या शिखरावर होता, आणि त्या वर्षी महाराष्ट्रात पाऊस सरासरीहून बराच जास्त झाला होता. मामा हसून म्हणाले, "डागबी हुतं आणि पाऊसबी." फॉर्म त्यांनी माझी वाट न पाहता ऑगस्टातच भरला होता. टेंभूच्या पाण्याचे आवर्तन किती दिवसांनी मिळेल याची चौकशी करून, त्या हिशेबाने त्यांनी दोन एकरांऐवजी एकच एकर डाळिंब लावले होते. मी चऱ्हाटाचा दाखला दिला तो त्यांना पटला. "पीळ जास्ती झाला की उसळनारच की," म्हणाले. मग त्यांनी विचारले, "आता परत कधी उलटतोय?"

"एक-दोन वर्षे मागेपुढे धरा, पण २०३५ च्या आसपास," मी म्हटले.

मामांनी खत-बियाणांच्या हिशेबाची वही काढली आणि शेवटच्या पानावर लिहिले, "२०३५ सूर्य उलटा." थोडा वेळ पेन्सिल तशीच धरून बसले आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, "पावसाशी संबंध नाही."